डाबू के जमणू?

आमच्या गाडीत बसायचं एक शास्त्र आहे. गतिरोधक दिसला की मी नुसतं "आला" म्हणतो. लगेच बायको दारावरचं हँडल धरते, मुलगी पाण्याची बाटली पोटाशी कवटाळते, आई "विठ्ठला" म्हणते आणि चौघंही सीटवरून अर्धा इंच वर उठतो. गाडी धाडकन आदळते. मग आम्ही पुन्हा खाली बसतो आणि बोलणं जिथं तुटलं होतं तिथून पुढं चालू करतो. पाहुण्यांना हे ठाऊक नसतं. श्रावणात साडूभाऊ मागं बसले होते. मी "आला" म्हटल्यावर "कोण आला?" म्हणून त्यांनी मान वळवली, आणि पुढचे दोन दिवस ती तशीच वळलेली राहिली.

या सगळ्याचं कारण म्हणजे शॉकअप. मी मराठीचा मास्तर आहे, त्यामुळे पहिल्यांदा गॅरेजमध्ये गेलो तेव्हा भाषेचा अभिमान बाळगून "जरा धक्काशोषक बघता का?" असं विचारलं होतं. मिस्त्रीनं पाना खाली ठेवला, माझ्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाला, "ते मेडिकलमध्ये बघा." तेव्हापासून मीही शॉकअपच म्हणतो.

मी मूळचा मिरजेचा. म्हणजे एका सीमेवरून उठून दुसऱ्या सीमेवर येऊन बसलेला. नवापुरात नोकरी लागली तेव्हा मिरजेत कुणी पेढे मागितले नाहीत, "एवढ्या लांब?" असंच विचारलं. आता तीन वर्षं झाली. नंदुरबार जिल्ह्याच्या या टोकाला उभं राहून खडा मारला तर तो गुजरातेत पडतो. इथली माणसं घरात मावची किंवा अहिराणी, दुकानात गुजराती, कचेरीत मराठी आणि रागावली की हिंदी बोलतात. मी मात्र चारही प्रसंगी एकच भाषा बोलतो, आणि तीही मिरजेची. गुजरातीतलं 'केम छो' आणि 'सारू छे' एवढ्या भांडवलावर मी आजवर धकवलं होतं.

तर दिवाळीची सुट्टी लागायच्या आधी गाडी गॅरेजला दाखवली. मिस्त्रीनं बोनेटचा कोपरा दोन्ही हातांनी दाबला आणि सोडला. शॉकअप धड असेल तर गाडी एकदा वर येते आणि गप्प बसते. आमची गाडी बैठका काढायला लागली. मिस्त्री बिडी पेटवून ओढायला लागला तरी ती थांबेना.

"पुढचे दोन्ही गेले, सर. बदलावे लागतील."

"किती?"

"साडेसात हजार. वरचं माउंटिंग गेलं असेल तर त्याचे वेगळे."

भाऊबीजेला नाशिकला मेहुण्याकडं जायचं होतं. चरणमाळचा घाट चढून पिंपळनेरमार्गे. आईला बैठका काढणाऱ्या गाडीतून त्या घाटात नेणं म्हणजे विठ्ठलालाच त्रास देणं. पण साडेसात हजारांत फराळ, किल्ल्याचे मावळे, मुलीचा ड्रेस आणि बायकोची साडी असा सगळा संसार बसवलेला होता. मी घरी आलो आणि मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यात एका दाढीवाल्या गोऱ्या माणसानं दोन्ही शॉकअप वीस मिनिटांत बदलले आणि वर कॉफी प्यायली. मी बायकोला म्हटलं, "हे घरी होण्यासारखं आहे."

ती चकल्या तळत होती. झाऱ्याकडंच बघत म्हणाली, "मागं मिक्सरही घरीच होण्यासारखा होता."

या शॉकअपची मूळ कहाणीच काटकसरीची आहे, आणि मी तिचा आधार बायकोपुढं वेळोवेळी घेतला. जुन्या जीपगाड्यांना पाटे असत, एकावर एक रचलेले लोखंडी पट्टे. आमच्यासारख्या छोट्या गाड्यांना पुढं स्प्रिंग आणि शॉकअप एकाच दांड्यात असतात. खाली चाक, वर बोनेटखालच्या पत्र्याला नट, आणि मधे हा एक खांब. त्याच्यावरच गाडी उभी राहते आणि स्टिअरिंग फिरवलं की तोच फिरतो. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं हे शोधलं. दुसरं महायुद्ध संपता संपता शेव्हरोले कंपनीत तो एका छोट्या गाडीवर काम करत होता. गाडी हजार डॉलरच्या आत बसवायची होती. १९४७ साली कंपनीनं ती गाडीच रद्द केली, मॅकफर्सन उठून फोर्डमध्ये गेला आणि त्याचा खांब पुढं इंग्लंडमधल्या फोर्डच्या कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांना लागला. मारुती ८०० आली ती हाच खांब घेऊन. म्हणजे जी वस्तू जन्मालाच बजेटपायी आली, ती बदलायला साडेसात हजार घालवणं हा मॅकफर्सनचा अपमान आहे, असं मी म्हटलं.

"त्याची बायको काय म्हणाली होती?" बायकोनं विचारलं. या विषयावर माझं वाचन कमी पडलं.

आता माल कुठून आणायचा? नवापुरात राहणाऱ्या माणसाला असा प्रश्न पडत नाही. स्वस्त वस्तू पलीकडं मिळते, हा इथला धर्म आहे. पेट्रोलच घ्या. गुजरातेत लिटरमागं आठदहा रुपये कमी पडतात, त्यामुळं टाकी भरायला आमचं सगळं गाव पलीकडं जातं. पलीकडचं गाव आमच्याकडं कशाला येतं ते सुज्ञांना सांगायला नको. गुजरातेत दारूबंदी आहे. एक द्रव पूर्वेकडं वाहतो आणि दुसरा पश्चिमेकडं, आणि दोन राज्यांचं सौहार्द टिकून राहतं. तेव्हा शॉकअपही पलीकडंच स्वस्त असणार, हे मी कुणालाही न विचारता ठरवलं आणि शनिवारी सोनगडला गेलो.

सोनगड म्हणजे गायकवाडांचं पहिलं ठाणं. पिलाजीराव गायकवाडांनी अठराव्या शतकात इथला डोंगरी किल्ला धरला आणि इथूनच पसरत गायकवाड बडोद्याला पोचले. हा किल्ला रस्त्यावरून दिसतो. एक मराठा गडी इथं घोड्यावर येतो नि राज्य उभारतो, दुसरा आल्टोतून आदळत येतो आणि शॉकअप शोधतो. इतिहासाचे हे असे उतार मी वर्गात नेहमी सांगतो, पण स्वतः त्यांच्यावरून घसरत होतो हे तेव्हा कळलं नाही.

दुकानात काउंटरवर मिसरूड फुटलेला एक पोरगा होता. मी गाडीचं नाव, मॉडेलचं साल सांगितलं. "आगळना?" त्यानं विचारलं. मी बोटानं पुढं दाखवलं. "केटला? बे?" बे म्हणजे दोन. बे एके बे मी मुलीकडून रोज म्हणवून घेतो. "हां, बे," मी झोकात म्हणालो. माझी गुजराती सुधारत होती.

पोरगा आत गेला, शिडीवर चढला, आणि वरूनच ओरडला, "डाबू के जमणू?"

आता इथं मी जे ऐकलं ते सांगतो. 'दाबू की जमणं?' शॉकअप दाबून बघतात, हे गॅरेजमध्ये मी नुकतंच पाहिलं होतं. पोरगा प्रामाणिक दिसला. दाबून दाखवू का, की तसाच जमेल, असं विचारतोय. मला त्याचं कौतुक वाटलं. त्या अरुंद शिडीवर उभं राहून तो दाबून दाखवणार, पडला बिडला तर? मी मोठ्या मनानं म्हटलं, "दाबायचं काही नाही. जमेल, जमेल!"

"बेय जमणा?"

"दोन्ही जमतील!"

पोरगा एक क्षण थांबला. पण गिऱ्हाईक वयानं मोठं, वर चष्मा लावलेलं. त्यानं दोन खोकी खाली आणली. मी पैसे दिले, घासाघीस करून पन्नास रुपये कमी केले आणि पिलाजीरावांच्या किल्ल्याकडं बघत घरी आलो.

रविवारी सकाळी अभ्यंगस्नान उरकून मी अंगणात हत्यारं मांडली. एक जॅक, चाकाचा पाना, शेजाऱ्याकडून आणलेला गोटीपान्यांचा डबा आणि मोबाइल. गाडी जॅकवर चढवली आणि चाकाचा नट फिरवायला गेलो. नटाबरोबर चाकच फिरायला लागलं. मी जोरात फिरवलं, चाक जोरात फिरलं. मुलीला खेळ आवडला.

"काय करी ऱ्हायनात, मास्तर?" कुंपणापलीकडून आवाज आला.

शेजारचे आबा. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये उभी हयात काढून निवृत्त झालेले, साक्रीकडचे. बोलतात अहिराणी आणि ऐकतात फक्त इंजिन. त्यांनी चहाची बशी कुंपणाच्या खांबावर ठेवली, धोतर खोचलं आणि आत आले.

"पहिले नट ढिला करा, मंग गाडी उचला."

मी गाडी खाली घेतली, नट ढिले केले, गाडी पुन्हा उचलली. आबांनी चाक काढून हातात दिलं, आणि मी ते बाजूला ठेवायला निघालो तसं ओढून घेऊन गाडीच्या खाली सरकवलं. जॅक निसटला तर गाडी चाकावर बसेल, आपल्यावर नाही. मागच्या चाकांना अडसर म्हणून त्यांनी दगड मागितला. अंगणात दगड नव्हता. मी आत गेलो आणि पाटा-वरवंटा घेऊन आलो. जीपचा पाटा नाही, चटणीचा. बायको दारात येऊन उभी राहिली. तिनं आबांकडं पाहिलं, म्हणून काही बोलली नाही.

शॉकअपला खाली चाकाच्या बाजूनं दोन जाडजूड बोल्ट असतात. ते गंजून असे बसले होते, की जणू कारखान्यात वितळवूनच भरले असावेत. आबांनी रात्रीच त्यांच्यावर डिझेल सोडायला हवं होतं असं सांगितलं. रात्र तर गेली होती. मग त्यांनी तारेच्या ब्रशनं आटे घासले, डिझेल सोडलं, विडा जमवला, तो संपेपर्यंत थांबले, आणि पान्याच्या दांड्यावर हँडपंपाचा एक जुना पाइप चढवून मला म्हणाले, "लटका." मी लटकलो. मराठीच्या मास्तरानं पाइपाला लोंबकळावं असा अभ्यासक्रमात कुठंच उल्लेख नाही. तिसऱ्या हिसक्याला बोल्ट कुरकुरला. तो आवाज इतका गोड होता की मी पुन्हा लटकलो.

त्याआधी एक काम झालं होतं. या बोल्टांच्या भोकात केसभर खेळ असतो. बोल्ट होता त्याच जागी परत बसला नाही, तर चाकाचा कल बदलतो आणि टायर एका बाजूनं झिजतं. व्हिडिओतल्या दाढीवाल्यानं पांढऱ्या रंगाची पेन्सिल वापरली होती. माझ्याकडं होती बायकोची नेलपॉलिश. लालभडक, पाडव्याला लावायची म्हणून खास आणलेली. मी बोल्टाच्या डोक्यावर, नटावर आणि बाजूच्या लोखंडावर अशा सुरेख तीन रेघा ओढल्या. गाडीच्या पोटाखालचा तेवढाच भाग सणाला नटल्यासारखा दिसायला लागला.

मग मी बोनेट उघडलं. वरच्या गोलाकार माउंटिंगच्या बरोबर मधोमध एक नट असतो. अगदी मोकळा, समोर, हाताशी. काढायला सगळ्यांत सोपा तोच दिसतो. मी त्याला पाना लावला.

आबांनी माझं मनगट धरलं. तीन वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच हात लावला.

"त्या नटले हात लावू नका."

आत स्प्रिंग दाबून भरलेली असते. ती गाडीचं पुढचं वजन तोलत असते, आणि तिला दाबून धरणारा एकच मालक म्हणजे तो नट. तो सुटला तर स्प्रिंग मोकळी होते आणि समोर जे असेल ते घेऊन जाते. आबांनी वर्कशॉपमधल्या एका गड्याची गोष्ट सांगितली, ती मी इथं सांगत नाही, कारण ती ऐकल्यावर मी पाना जमिनीवर ठेवला आणि दोन घोट पाणी प्यायलो. बाजूचे नट काढायचे, अख्खा खांब स्प्रिंगसकट खाली उतरवायचा, आणि स्प्रिंग कंप्रेसर नावाची शिकंज्यासारखी वस्तू ज्याच्याकडं आहे त्याच्याकडून स्प्रिंग आवळून घेऊन आतला शॉकअप बदलायचा. गावातल्या एका गॅरेजच्या पोराकडं ती होती. दोन्हीचे मिळून तीनशे रुपये ठरले. मॅकफर्सनला हा खर्च मी सांगितला नाही.

खांब उतरला की चाकाचा सांगाडा खाली लोंबतो आणि ब्रेकची रबरी नळी ताणली जाते. तो वर बांधायला दोरी लागते. घरात एकच दोरी मोकळी होती, आणि ती मोकळी नव्हती. तिला आकाशकंदील टांगला होता. कंदील खाली आला, चाक वर गेलं.

आबांच्या स्कूटरवर मागं बसून, मांडीवर खांब घेऊन मी गॅरेजवर गेलो. पोरानं स्प्रिंग आवळली, मधला नट काढला, जुना शॉकअप ओढून बाहेर घेतला आणि माझ्या हातात दिला. त्याच्या अंगावर काळं तेल ओघळून त्यात धूळ बसली होती, केकवरच्या साखरेसारखी. मी त्याचा दांडा आत दाबला. लोण्यात सुरी जावी तसा तो गेला आणि गेला तो तिथंच राहिला. वर यायचं नावच घेईना. नव्याच्या दांड्याला प्लॅस्टिकची पट्टी बांधलेली होती. पोरानं ती कापली. दांडा आपणहून, सावकाश, एका संथ लयीत वर आला आणि पूर्ण उंचीला जाऊन थांबला. आत तेलावर गॅसचा दाब असतो, त्यामुळं. मी ते तीनदा दाबून पाहिलं. तीनदा तो तसाच, घाई न करता उठला. माझ्या आयुष्यात इतक्या शांतपणे कुणी उठलेलं मी पाहिलेलं नाही.

जुन्याकडं बोट दाखवून आबा म्हणाले, "हाऊ बठना." हा बसला. संपलं.

दुपारी बारापर्यंत उजवी बाजू बसली. नेलपॉलिशच्या रेघा रेघांना भिडल्या. मी मिरजेला भावाला फोन केला आणि सहज बोलता बोलता सांगितलं की गाडीचं थोडं काम काढलंय घरीच. जेवून डावी बाजू उतरवली. आता हात बसला होता, अर्ध्या तासात खांब निघाला. पुन्हा स्कूटर, पुन्हा गॅरेज. पोरानं स्प्रिंग आवळली, जुना शॉकअप काढला, दुसरं खोकं उघडलं. जुना आणि नवा शेजारी शेजारी धरले. पट्टी कापायला घेतलेली सुरी त्यानं खाली ठेवली.

"सर, ब्रेकच्या नळीचा हा कान पाहा. जुन्याचा इकडून आहे, नव्याचा तिकडून."

"मग?"

"हापण जमणा आहे."

"जमणार आहे ना? मग बसव."

"जमणा आहे, म्हणून जमणार नाही."

मी व्याकरण शिकवतो. होकार आणि नकार एकाच धातूतून एकाच वाक्यात निघालेले मी प्रथमच ऐकत होतो. पोरानं मला उजवा हात वर करून दाखवला. "गुजरातीत याला जमणू म्हणतात, सर. आणि याला डाबू." डावा हात वर. दोन्ही हात वर करून तो माझ्यापुढं उभा राहिला, आणि मला शिडीवरचा तो प्रामाणिक पोरगा दिसायला लागला. डावा की उजवा? दोन्ही उजवे? दोन्ही उजवे!

आबा स्कूटरवर बसून होते. त्यांचे खांदे हलत होते. शॉकअप गेलेल्या गाडीसारखे, बराच वेळ.

गाडी अंगणात एका खांबावर उभी, डावं चाक तिच्या पोटाखाली, ब्रेक कंदिलाच्या दोरीला. तिच्यातून सोनगडला जाणं शक्य नव्हतं. सोमवारी सकाळी मी दुसरा जमणा खोक्यातून काढला. खोकं फाटलं होतं. बायकोनं एक गोणी दिली. नवापूरची तूरडाळ लांबवर जाते, त्यामुळं आमच्या घरी बाकी काही नसलं तरी डाळीची गोणी असते. शॉकअप गोणीत घातला, तोंड सुतळीनं बांधलं, खांद्यावर टाकला आणि स्टेशनवर आलो.

आमचं स्टेशन ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. सुरत-भुसावळ मार्गावरचं हे स्टेशन राज्यं वेगळी व्हायच्या आधीचं. १ मे १९६० ला मुंबई राज्याची वाटणी झाली आणि रेघ स्टेशनातून गेली. आठशे मीटरच्या फलाटातले तीनशे मीटर महाराष्ट्रात, पाचशे गुजरातेत. तिकीट महाराष्ट्रात काढायचं, स्टेशन मास्तर गुजरातेत बसतो. घोषणा चार भाषांत होतात, त्यामुळं गाडीला उशीर असेल तर तो चार वेळा कळतो. फलाटावर एक बाक आहे, त्याच्या बरोबर मध्यावर रेघ रंगवलेली आहे. एका बाजूला महाराष्ट्र, दुसऱ्या बाजूला गुजरात. लोक लांबून येऊन त्यावर फोटो काढतात. मी त्या बाकावर बसलो, महाराष्ट्रात. गोणी शेजारी ठेवली, ती आपोआप गुजरातेत गेली.

आणि डोळे मिटून घोकायला लागलो. डाबू. डाबू. डाबू.

"थैली में क्या है?"

समोर खाकी वर्दी. कुठल्या राज्याची ते मी पाहिलं नाही, ती रेघेवरच उभी होती. महाराष्ट्रातून गुजरातेत निघालेला एक माणूस, मांडीशेजारी गोणी, गोणीत बाटलीच्या आकाराचं लांबट काहीतरी, आणि तोंडानं सकाळी सकाळी पुटपुटणं. त्यांची काही चूक नव्हती.

"शॉकअप," मी म्हणालो.

"अंदर क्या भरा है?"

इथं माझा खरेपणा आडवा आला. "तेल," मी म्हणालो. "और गॅस."

वर्दी दोन पावलं मागं सरकली. आता ती नक्की गुजरातेत होती. शेजारी बसलेल्या बाईनं टोपली उचलली आणि ती पार महाराष्ट्राच्या टोकाला गेली. मी घाईघाईनं सुतळी सोडली आणि शॉकअप बाहेर काढला. जवान जवळ आला, हातात घेतला, फिरवून पाहिला. चेहऱ्यावर आधी निराशा आली आणि मग हळूहळू आपुलकी.

"मेरी बाइक का आगेवाला भी लीक है," तो म्हणाला. "कितने में मिला?"

गाडी यायला वेळ होता. मी त्याला डावा, उजवा, मधला नट, डिझेल, हँडपंपाचा पाइप असं सगळं समजावून सांगितलं. मोटरसायकलच्या शॉकअपला डावं-उजवं असतं का, असं त्यानं विचारलं तेव्हा मात्र मी ते मिस्त्रीलाच विचारायला सांगितलं. नवापूरच्या फलाटावर डाव्या-उजव्याबद्दल शेवटचा शब्द मी काढणं बरं दिसलं नसतं.

सोनगडच्या दुकानात या वेळी काउंटरवर पोरगा नव्हता, शेठ होते. मी वाटभर घोकलेलं वाक्य जिभेच्या टोकावर घेऊन आत शिरलो. गोणी काउंटरवर ठेवली. श्वास घेतला.

"डावा पाहिजे ना, सर?" शेठ म्हणाले. "पोरगा बोलला मला. म्हणे, एक चष्मेवाले साहेब दोन्ही उजवे घेऊन गेले."

"तुम्हाला मराठी येतं?"

"माझी सासुरवाडी नंदुरबारची आहे."

पट्टी कापलेली नव्हती म्हणून त्यांनी खळखळ न करता बदलून दिला. चहा मागवला. चहा पिताना मी सहज म्हटलं, की तुमच्याकडं स्वस्त पडतं म्हणून इतक्या लांब आलो. शेठनी बशी खाली ठेवली.

"साहेब, नवापुरात पण हाच भाव आहे. जीएसटी आल्यापासून पार्टला दोन्हीकडे एकच कर. फरक फक्त पेट्रोलला, ते जीएसटीत नाही म्हणून." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि त्या दुसऱ्याला."

सोमवारी संध्याकाळी डावा बसला. आबांनी सगळे बोल्ट आपल्या हातानं पुन्हा आवळले, शेवटचा नट गाडी जमिनीवर टेकल्यावर. दोरी सुटली, कंदील वर गेला. पाटा-वरवंटा बायकोनं तीनदा धुतला, तरी पुढच्या दोन दिवसांच्या चटणीला डिझेलचा वास येतोय असं ती म्हणत राहिली. मला आला नाही. मंगळवारी अलाइनमेंट करायला नेली तेव्हा गाडीखाली गेलेला पोरगा बॅटरी रोखून बराच वेळ तिथंच राहिला. बाहेर येऊन म्हणाला, "कल बरोबर आहे, सर. पण नेलपॉलिश कुणी लावली?" मी शेड बघून ठेवायला सांगितलं, कारण घरची बाटली संपली होती आणि पाडवा दुसऱ्या दिवशी होता.

परतताना आबांना सोबत घेतलं, चक्कर मारायला. मागं आई आणि मुलगी, पुढं आबा, बायकोही मागंच दाटीवाटीनं. रंगावलीच्या पुलाकडून आमच्या गल्लीत वळलो. गल्लीच्या तोंडाशी तो गतिरोधक आहे, ज्यानं साडूभाऊंची मान घेतली होती.

"आला," मी म्हणालो.

आईनं विठ्ठलाला हाक मारली. मुलीनं बाटली पोटाशी घेतली. चौघंही अर्धा इंच वर उठलो. गाडी चढली, एकदा मऊशी वाकली आणि काहीही न बोलता पलीकडं उतरली. आम्ही तसेच हवेत. गल्लीचं निम्मं अंतर गेलं तरी कुणी खाली यायला तयार होईना.

आबांनी आधी माझ्याकडं, मग मागं वळून बाकीच्यांकडं पाहिलं.

"मास्तर," ते म्हणाले, "आते बठा."